जामीन लोक राहिले, हिशोब कुणी सांगायचा?

१९९० साली फिलिपिन्सच्या सरकारनं कर्जफेडीसाठी ८६.८ अब्ज पेसो बाजूला काढले होते. शिक्षण खात्याच्या वाट्याला त्या वर्षी साधारण २७ अब्ज आले. देशभरातल्या सरकारी शाळा, शिक्षकांचे पगार, पुस्तकं हे सगळं एका पारड्यात आणि जुनी देणी दुसऱ्यात, तीही तिपटीहून जड. हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मला त्यांच्यामागच्या तरतुदीनं जास्त अस्वस्थ केलं. शाळांच्या २७ अब्जांवर तिथल्या काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत, चर्चा व्हायची, मतदान व्हायचं. कर्जफेडीच्या रकमेवर मतदान होतच नव्हतं. हुकूमशहा फर्डिनांड मार्कोसनं १९७७ साली काढलेल्या ११७७ क्रमांकाच्या हुकुमानुसार ती रक्कम दरवर्षी आपोआप मंजूर व्हायची. फेब्रुवारी १९८६ मध्ये लोक मनिलाच्या एड्सा रस्त्यावर उतरले, हुकूमशहा पळाला, लोकशाही परत आली. पण ती तरतूद १९८७ च्या प्रशासकीय संहितेत तशीच उतरली. तेओफिस्तो गिंगोना आणि आकिलिनो पिमेंतेल हे दोन सिनेटर तिच्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल १९९१ मध्ये न्यायालयानं निकाल दिला, तरतूद वैध आहे.

त्याआधी दोन वर्षं, १९८९ मध्ये, याच कर्जाच्या धोरणावर मतभेद झाले म्हणून एका बाईनं मंत्रिपद सोडलं होतं. सोलिता कोयास-मोनसोद. तिथले लोक तिला विनी मोनसोद म्हणतात आणि टीव्हीमुळे घराघरात ती ‘मारेंग विनी’ झाली. १९४० चा जन्म, शिक्षण फिलिपिन्स विद्यापीठात आणि मग अमेरिकेत पेनसिल्वेनिया विद्यापीठात, आयुष्यभराचा पेशा मास्तरकीचा. कोराझोन अकिनो राष्ट्राध्यक्ष झाल्या तेव्हा अर्थनियोजनाचं खातं त्यांनी या प्राध्यापिकेच्या हाती दिलं. तीन वर्षांनी ती बाहेर पडली, वर्गात परतली आणि पुढं कॅमेऱ्यासमोर बसून सामान्य माणसाला त्याच्या बोलीत अर्थकारण सांगू लागली.

तिच्या आयुष्याकडे पाहताना माझं मत पक्कं होत गेलं आहे, ते आधीच सांगून टाकतो. आर्थिक निर्णय बंद खोलीत होत असतील, तर त्या खोलीत बसून आलेल्या माणसानं बाहेर येऊन लोकांना हिशोब सांगणं हे सार्वजनिक कर्तव्य आहे. तो त्याचा छंद नाही, निवृत्तीनंतरचा विरंगुळाही नाही. हे कर्तव्य कुणीच पार पाडलं नाही तर मतदान होत राहतं, पण पैशाचा कारभार जुन्या हुकुमांवर चालत राहतो.

कर्जाचं प्रकरण नीट पाहायला हवं, कारण सगळं तिथून सुरू होतं.

आपल्याकडे शेतकऱ्याला ‘नवं-जुनं’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. सोसायटीचं कर्ज मार्चअखेर भरायचं, भरायला पैसे नसतात, मग कुठून तरी आणून जुनं भरल्याचं दाखवायचं आणि त्याच दिवशी नवं उचलायचं. कागदावर थकबाकी नाही, खिशात दमडी नाही, आणि मुद्दल दरवर्षी थोडं फुगलेलं. १९७० च्या दशकात मार्कोसच्या फिलिपिन्सनं देशाच्या पातळीवर हेच केलं. तेलाच्या पैशानं परदेशी बँका तुडुंब होत्या, कर्ज स्वस्त होतं. सरकारनं स्वतः घेतलं आणि मर्जीतल्या उद्योगपतींनी घेतलेल्या कर्जांनाही सरकार जामीन राहिलं. व्याजदर चढले, साखर आणि खोबऱ्याचे भाव पडले, ऑगस्ट १९८३ मध्ये मनिलाच्या विमानतळावर विरोधी नेते बेनिग्नो अकिनो, म्हणजे कोराझोन यांचे पती, यांचा खून झाला आणि परदेशी पैसा पळाला. ऑक्टोबरमध्ये सरकारला परतफेड थांबवत असल्याचं जाहीर करावं लागलं. १९८४ आणि १९८५ या दोन्ही वर्षी अर्थव्यवस्था सात टक्क्यांहून जास्त आकसली.

त्या कर्जातलं सगळ्यात उघडं उदाहरण बाताआनच्या अणुवीज केंद्राचं. मोरोंग गावाजवळ समुद्रकाठी उभं असलेलं, ६२० मेगावॉटचं, वेस्टिंगहाऊस कंपनीनं बांधलेलं. खर्च दोन अब्ज डॉलरच्या वर गेला. मार्कोसच्या जवळच्या माणसानं कंत्राटात दलाली खाल्ल्याचे आरोप झाले, सुरक्षिततेवर शंका घेतल्या गेल्या आणि १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेनंतर नव्या सरकारनं ते बंदच ठेवायचं ठरवलं. तिथून एक युनिट वीज आजवर निघालेली नाही. १९९० च्या आगेमागे मनिलात रोज तासन् तास वीज जायची, लोक मेणबत्तीच्या उजेडात जेवायचे आणि न चाललेल्या केंद्राचा हप्ता मात्र वेळेवर जायचा. शेवटचा हप्ता फिटला तो २००७ साली.

सप्टेंबर १९८६ मध्ये कोराझोन अकिनो अमेरिकेच्या काँग्रेससमोर बोलल्या. त्या भाषणात त्यांनी सांगितलं की देशावर २६ अब्ज डॉलरचं कर्ज आहे आणि आम्ही ते मान्य करतो. त्याच भाषणात त्यांनी हेही सांगितलं की निर्यातीतून जेमतेम चार अब्ज मिळतात, त्यातले दोन अब्ज नुसत्या व्याजात जातात, आणि या कर्जाचा लाभ फिलिपिनो जनतेला कधी मिळालाच नाही. दोन्ही वाक्यं खरी होती. पण ती एकमेकांशेजारी ठेवली की प्रश्न उभा राहतोच. लाभ मिळाला नाही, तर फेडायचं का? निदान सगळं, निमूटपणे, सावकार म्हणेल त्या गतीनं का?

मोनसोदबाईंनी मंत्रिमंडळात हाच प्रश्न लावून धरला. कर्जं तपासा, फसवणुकीनं काढलेली वेगळी करा आणि ती नाकारा, हे त्यांचं म्हणणं. देशाच्या वाढीला किती पैसा लागतो ते आधी ठरवा, उरेल त्यातून फेड ठरवा. अर्थमंत्री हाइमे ओंगपिन आणि मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर होसे फर्नांदेझ यांना हे मान्य नव्हतं. सगळी देणी मान्य करायची आणि बँकांशी बोलून मुदती वाढवून घ्यायच्या, म्हणजे आपल्या भाषेत नवं-जुनं करायचं, ही त्यांची वाट.

त्या दोघांना खलनायक ठरवणं सोपं आहे, मी ते करणार नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर १९८३ होतं. फेड थांबवल्यावर आयातीसाठी लागणारी उधारी कशी आटते, कारखाने कच्च्या मालावाचून कसे बंद पडतात, हे त्यांनी पाहिलं होतं. पेरूच्या आलान गार्सियांनी १९८५ मध्ये निर्यातीच्या दहा टक्क्यांहून जास्त फेड करणार नाही असं जाहीर केलं होतं आणि पुढं पेरूची जी दैना झाली ती सगळ्या जगानं पाहिली. अर्थात पेरू बुडण्याची कारणं अनेक होती, महागाई हाताबाहेर जाऊ देणं हे त्यातलं मोठं. पण ओंगपिन-फर्नांदेझ यांची भीती पोकळ नव्हती. मला स्वतःला मोनसोदबाईंचं म्हणणं पटतं, विशेषतः बाताआनबद्दल. दलाली खाऊन लादलेलं आणि ज्यातून काहीच मिळालं नाही असं एक कर्ज वेगळं काढून भांडलं असतं, तर आभाळ कोसळलं नसतं असं मला वाटतं. सरकारनं वेस्टिंगहाऊसवर अमेरिकेत खटला भरला खरा, पण हप्ते थांबवले नाहीत.

तरी माझा मुद्दा कोण बरोबर होतं हा नाही. एवढा मोठा वाद, ज्यावर एका पिढीच्या शाळा आणि दवाखाने ठरणार होते, तो मूठभर माणसांत झाला आणि मूठभरांत संपला. ज्या लोकांना फेडायचं होतं, त्यांना वाद चालू आहे हेही धड कळलं नाही. १९८८ मध्ये कर्जाविरुद्ध संघटनांची मोठी आघाडी उभी राहिली, मोर्चे निघाले, अभ्यास झाले. पण बाजारात मासे विकणाऱ्या बाईपर्यंत तो हिशोब पोचला नव्हता.

इथं मला आमच्या घरातली एक गोष्ट सांगावीशी वाटते. मी नववीत असताना माझ्या वडिलांना, आम्ही त्यांना दादा म्हणतो, सोसायटीकडून कलम १०१ ची, म्हणजे सहकार कायद्याखाली थकीत कर्ज वसूल करायची, नोटीस आली. दादांनी स्वतःचं कर्ज वेळेवर भरलं होतं. नोटीस होती चुलतभावाच्या कर्जाची, दादा त्याला जामीन होते. ते कागद घेऊन ते ओट्यावर बसले होते. अक्षर ओळख होती, पण ‘सदरहू थकबाकीदार व त्यांचे जामीनदार यांजकडून संयुक्तपणे व पृथकपणे’ हे वाक्य त्यांनी चार वेळा वाचलं आणि बाजूला ठेवलं. सोसायटीत विचारायला गेले तर तिथं त्यांना तेच वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं गेलं. शेवटी शेजारच्या शिक्षिका, आमच्या कुलकर्णीबाई, आल्या. त्यांनी वहीच्या मागच्या पानावर मुद्दल, व्याज, दंडव्याज असे तीन आकडे लिहिले आणि म्हणाल्या, “भाऊ, तुमच्या भावाकडून पैसे मिळोत न मिळोत, हे पूर्ण तुमच्याकडून वसूल करायचा त्यांना हक्क आहे. पण हा दंड चुकीचा लावलाय, तेवढ्यावर तक्रार करा.” पैसे भरावे लागलेच. दंड मात्र माफ झाला. दादा अजून म्हणतात, बाईंनी सांगितलं नसतं तर मी कशाचे पैसे भरतोय हे न कळता भरले असते.

मोनसोदबाईंनी पुढची वीस-पंचवीस वर्षं एका देशासाठी हेच काम केलं, असं मला वाटतं. सगळ्या देशाच्या वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडून दाखवायचं काम.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस जीएमए वाहिनीवर ‘डिबेट विथ मारे अ‍ॅट पारे’ हा कार्यक्रम सुरू झाला. एका बाजूला मोनसोद, दुसऱ्या बाजूला ऑस्कर ओर्बोस. ओर्बोसही अकिनोंच्या सरकारात मोठ्या पदावर राहिलेले. २००६ पर्यंत तो चालला. नावातच सगळं आहे. फिलिपिन्समध्ये मुलाच्या बाप्तिस्म्याला जी बाई धर्ममाता होते, ती मुलाच्या आईबापांची ‘कुमारे’ आणि पुरुष असेल तर ‘कुमपारे’. रक्ताचं नातं नाही, पण घरचं माणूस. त्याचंच बोलण्यातलं रूप मारे आणि पारे. बाजारात, रिक्षात, कट्ट्यावर एकमेकांना हाक मारायची ती अशी. माजी नियोजनमंत्री, विद्यापीठातली प्राध्यापिका, आणि लोक तिला घरच्या बाईच्या नावानं हाक मारतात, तिच्याशी भांडतात, तिचं ऐकतात. ती टागालोगमध्ये बोलते, मध्ये इंग्रजी शब्द येतात तसे तिथल्या सगळ्यांच्याच बोलण्यात येतात. सकाळच्या कार्यक्रमात चहापाण्याच्या वेळी ती महागाईवर बोलायची. २०११ मध्ये जीएमएच्या बातम्यांच्या वाहिनीवर तिचा स्वतःचा कार्यक्रम आला, ‘बावाल आंग पासावाय काय मारेंग विनी’. अर्थ साधारण असा, मारेंग विनीसमोर वात्रटपणा चालणार नाही. समोर सिनेटर असो की मंत्री, उत्तर टाळलं की ती मास्तरणीसारखी थांबवायची आणि पुन्हा विचारायची.

अशा कामात एक मोठा खड्डा असतो, त्याबद्दल बोललं पाहिजे. अर्थकारण सोपं करताना माणूस नेहमी घरखर्चाचं उदाहरण घेतो. मीही वर नवं-जुनं घेतलं. पण सरकार म्हणजे घर नव्हे. घर स्वतःची नोट छापू शकत नाही, मंदीत खर्च वाढवून उत्पन्न वाढवू शकत नाही. सरकार काही मर्यादेत हे दोन्ही करू शकतं. मग नवं-जुनं हे उदाहरण फिलिपिन्सला लागू का पडतं? कारण कर्ज डॉलरमध्ये होतं. पेसो छापून डॉलर फिटत नाहीत. डॉलर कमवावेच लागतात, निर्यातीतून किंवा माणसं बाहेर पाठवून. म्हणून परदेशी चलनातल्या कर्जापुढं देश खरोखरच एखाद्या कुटुंबासारखा लाचार होतो. समजावणाऱ्यानं उदाहरण द्यावं आणि ते कुठं लागू पडत नाही हेही त्याच दमात सांगावं, हे शिस्तीचं काम आहे. अर्थशास्त्र शिकलेल्या माणसानं टीव्हीवर यावं असं मी म्हणतो ते यासाठी. न शिकलेला वक्ता पहिला अर्धा भाग सांगून टाळ्या घेतो.

लोक ओळखतात म्हणजे निवडून देतात असं मात्र नाही. २००१ मध्ये मोनसोदबाई सिनेटसाठी उभ्या राहिल्या आणि हरल्या. त्याच निवडणुकीत देशात सगळ्यात जास्त मतं घेऊन सिनेटर झाले नोली दे कास्त्रो, तेही टीव्हीवरचेच, बातम्या देणारे. दोघांनाही घराघरात ओळखत होते. मला या निकालाचं वाईट वाटतं, पण त्यावरून लोकांना मूर्ख म्हणायची माझी तयारी नाही. लोकांनी तिला हिशोब सांगणारी म्हणून घरात घेतलं होतं. त्या जागेवर ती पुढंही राहिली. सिनेटमध्ये गेली असती तर कदाचित पक्षाच्या भाषेत बोलावं लागलं असतं.

तिची चूकही सांगितली पाहिजे. नोव्हेंबर २०१८ मध्ये एका दैनिकातल्या आपल्या सदरात तिनं चीनवरच्या अविश्वासाबद्दल लिहिताना चिनी वंशाच्या फिलिपिनोंच्या निष्ठेवरच शंका घेतली. दक्षिण चिनी समुद्रातली चीनची दादागिरी खरी होती, त्यावर बोलणं रास्त होतं. पण पिढ्यानपिढ्या मनिलाच्या बिनोंदो भागात राहिलेल्या, तिथंच जन्मलेल्या माणसांना एका वाक्यात परकं ठरवणं हे वाईटच होतं. खूप टीका झाली, व्हायलाच हवी होती. यात मला दिसतं ते असं की, जिचा आवाज लोक विश्वासानं ऐकतात तिची जबाबदारी दुप्पट असते. जी बाई प्रांताप्रांताचे आकडे मागते, ती एका समाजाबद्दल बोलताना आकड्याशिवाय बोलली. आणि घरच्या माणसाच्या तोंडून आलेला पूर्वग्रह परक्यापेक्षा खोल रुजतो.

प्रांताप्रांताच्या आकड्यांचं मी म्हणालो, कारण तेही तिचं मोठं काम आहे. १९९० च्या दशकात तिथल्या काही अभ्यासकांनी मानव विकासाचे अहवाल काढायला सुरुवात केली, मोनसोदबाई त्यात पुढं होत्या. देशाची सरासरी सांगून थांबायचं नाही, प्रत्येक प्रांतात माणूस किती जगतो, किती शिकतो, किती कमावतो हे मांडायचं. तेव्हा मनिलाजवळचे प्रांत आणि दक्षिणेकडचे सुलू, तावी-तावी हे जणू दोन देश आहेत हे आकड्यांत दिसलं. मिंदानाओ या दक्षिण भागातल्या सशस्त्र संघर्षाकडे फक्त धर्माच्या चष्म्यातून पाहणाऱ्यांना हे पान वाचायला लावलं पाहिजे.

मराठी वाचकाला मनिलाचं नाव मॅगसेसे पुरस्कारामुळे ओळखीचं. १९५९ मध्ये तो चिंतामणराव देशमुखांना मिळाला. त्याच्या तीन वर्षं आधी मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडलं होतं आणि लोकसभेत सांगितलं होतं की एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळासमोर रीतसर चर्चेला आलाच नाही. देशमुखांचा राजीनामा आपण मराठी अस्मितेसाठी आठवतो. मला तो या दुसऱ्या कारणासाठीही आठवतो. निर्णय कुणी, कुठं, कुणाला विचारून घेतला, हा त्यांचा प्रश्न होता. मोनसोदबाईंचाही तोच. आणखी एक धागा आहे. १९८७ मध्ये टांझानियाचे माजी राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांच्या अध्यक्षतेखाली दक्षिण आयोग नेमला गेला, गरीब देशांनी एकत्र येऊन आपल्या वाटा शोधाव्यात म्हणून. मोनसोदबाई त्याच्या सदस्य होत्या, आपल्याकडच्या अर्थतज्ज्ञ देवकी जैनही होत्या आणि आयोगाचे महासचिव होते डॉ. मनमोहन सिंग. आयोगाचा अहवाल आला १९९० मध्ये. पुढच्याच वर्षी भारतालाही परकीय चलनापायी सोनं गहाण टाकावं लागलं, ते सोनं मुंबईहून विमानानं लंडनला गेलं. त्या वेळी तो हिशोब मराठीत, ओट्यावर बसलेल्या माणसाला कळेल असा किती जणांनी सांगितला? अंदाजपत्रकाच्या दिवशी आपल्याकडे काय स्वस्त, काय महाग हे सांगितलं जातं. सरकारच्या रुपयातले किती पैसे व्याजात जातात हेही छापून येतं, पण ते समजावणारी मारेंग विनी आपल्याकडे नाही. असावी असं मला मनापासून वाटतं.

फिलिपिन्समध्येही ती एकटी पुरली नाही, हे मान्य करायला हवं. २०१० नंतरच्या दशकात फेसबुक-यूट्यूबवर मार्कोसचा काळ सुवर्णकाळ होता अशी कथा पसरत गेली. रस्ते, पूल, इस्पितळं यांचे फोटो दाखवायचे, पण ते कोणत्या पैशानं बांधले आणि कुणी फेडले हे सांगायचं नाही. जुलै २०२० मध्ये एबीएस-सीबीएन या मोठ्या वाहिनीला परवाना नाकारला गेला, तेव्हा खेड्यापाड्यांत पोचणारा एक जुना आवाज बंद झाला. २०२२ मध्ये मार्कोसचा मुलगा मोठ्या बहुमतानं राष्ट्राध्यक्ष झाला. कुणी म्हणेल, मग इतकी वर्षं समजावून काय मिळालं? मला यातून उलट दिसतं. हिशोब सांगणं एकदा करून संपत नाही. दर पिढीला, दर नव्या माध्यमात, पुन्हा पहिल्यापासून सांगावा लागतो. सांगणारे थकले किंवा त्यांची जागा काढून घेतली की ती जागा रिकामी राहत नाही.

२०१० साली तिच्या वर्गातलं सत्राचं शेवटचं व्याख्यान कुणीतरी चित्रित केलं आणि ते देशभर फिरलं. अर्थशास्त्राचा पदवीचा वर्ग. त्यात ती मुलांना सांगते की परीक्षेत नक्कल करू नका, विद्यापीठाच्या ब्रीदात गुणवत्तेआधी सचोटी येते. मग ती मूळ मुद्द्यावर येते. तुमच्या शिक्षणाचा खर्च फिलिपिनो लोकांनी उचलला आहे. तुम्ही फक्त पैसा कमवायला देश सोडून गेलात, तर ज्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवला त्यांचा तो विश्वासघात आहे. या विद्यापीठातल्या मुलांना ‘इस्कोलार नांग बायान’ म्हणतात, म्हणजे जनतेच्या पैशावर शिकणारे. ती त्या शब्दाची किंमत मागत होती.

हे व्याख्यान मी अनेकदा ऐकलं आहे. पटतं आणि खटकतंही. पटतं ते ऋणाचं भान. खटकतं ते असं की, हे ऋण फक्त विशीतल्या मुलांच्या डोक्यावर ठेवलं. माणसं बाहेर पाठवायचं धोरण त्या देशानं १९७४ च्या कामगार संहितेपासून ठरवून राबवलं. १९८२ मध्ये तर मार्कोसनं हुकूम काढला की परदेशी काम करणाऱ्यांनी पगारातला ठरावीक हिस्सा बँकेमार्फत घरी पाठवलाच पाहिजे, खलाशांसाठी तो हिस्सा ८० टक्के. का? कारण सरकारला डॉलर हवे होते, आणि डॉलर हवे होते कारण कर्ज फेडायचं होतं. सौदीत बांधकामावर गेलेला मजूर, हाँगकाँगमध्ये दुसऱ्याचं मूल सांभाळणारी बाई, जहाजावरचा खलाशी, या सगळ्यांनी बाताआनचा हप्ता उचलला आहे. आजही तिथं वर्षाला ३३ अब्ज डॉलरच्या वर रक्कम असे लोक घरी पाठवतात. गेलेल्यांनी देश सोडला असं म्हणताना हे विसरता येत नाही. मोनसोदबाईंचा रोख विद्यापीठातल्या हुशार मुलांवर होता, मजुरांवर नव्हता, हे मला कळतं. पण नर्सला घरी मिळतं त्याच्या कितीतरी पट पगार लंडनमध्ये मिळत असेल, तर तिच्या जाण्याचा जाब आधी पगार ठरवणाऱ्याला विचारला पाहिजे, मग तिला. ज्या बाईनं १९८९ मध्ये सरकारला कर्जाचा जाब विचारून पद सोडलं, तिच्याकडून मला त्या वर्गात हे वाक्य ऐकायचं होतं.

तरीही त्या चित्रफितीतली एक गोष्ट मनातून जात नाही. कॅमेरा बहुतेक वेळ बाईंवर आहे. समोर बसलेली मुलं दिसतात ती पाठमोरी, वह्या उघड्या. अठरा-एकोणीस-वीस वर्षांची असतील. म्हणजे त्यातली बरीचशी १९९० च्या आसपास जन्मलेली. त्यांच्या शाळांना २७ अब्ज आणि जुन्या देण्यांना ८६.८ अब्ज मिळाले, त्या वर्षाच्या आगेमागे.